बाबांची नाली आणि डबरीचं लग्न

आमच्या घरामागची पाणथळ जागा माझ्या बाबांनी वाळवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी ज्या गटात काम करते त्याच्या पत्रकांत पाणथळ जागा संपवणारा माणूस नेहमी गॉगल लावून पांढऱ्या गाडीतून उतरतो, आणि ती पत्रकं बहुतेक मीच लिहिते. माझे बाबा सायकलवर फिरतात. गॉगल त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळाला होता, तो ते भाजीबाजारात विसरून आले.

रायपूर तळ्यांचं शहर, असं इथं सगळे अभिमानानं सांगतात. सांगताना ज्या तळ्यांची नावं घेतात त्यांतल्या कित्येकांवर आज दुकानं आणि पार्किंग आहे. तळ्याचं नाव फक्त ऑटोवाल्याला पत्ता सांगायला उरलंय. आमच्या मागची जागा तर त्या अभिमानातही कधी नव्हती. ती डबरी. इकडच्या बोलीत डबरी म्हणजे लहान, उथळ तळं. पावसाळ्यात तिथं कमरेइतकं पाणी पसरायचं. दिवाळीपर्यंत पाणकणीस माणसाच्या उंचीचं व्हायचं आणि त्यात जांभळ्या पाणकोंबड्या लाल पाय असे उचलून चालायच्या, जणू तो चिखल त्यांच्या लायकीचा नाही. उन्हाळ्यात वरून भेगा, पण काडी खुपसली की खाली ओल.

डबरीच्या एका अंगाला आमची कॉलनी. विदर्भातून नोकरीसाठी आलेली मराठी घरं, बहुतेक रेल्वेतली आणि सरकारी कचेऱ्यांतली. हिवाळ्यात उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ दोरीवरच्या कपड्यांवर बसते, असा आमचा भाग. दुसऱ्या अंगाला पारा, म्हणजे जुनी छत्तीसगढी वस्ती; शहर इथवर यायच्या आधी ते गावच होतं. पाऱ्यातल्या बायका डबरीतून करमत्ता भाजी काढून आमच्या दारावर विकायला आणायच्या. कॉलनीतल्या बायका भाजी घ्यायच्या आणि डबरीच्या नावानं नाक मुरडायच्या.

मी कॉलेजात होते तेव्हा एका पावसाळ्यात कॉलनीत डेंग्यूचे पेशंट वाढले. गणपतीच्या मांडवात सभा झाली. सगळे एकदम बोलत होते, आणि पाण्याबद्दल ज्याला खरंच काही कळतं असा माणूस तिथं एकच होता. बाबा. त्यांची सगळी नोकरी रेल्वेचे रूळ सांभाळायच्या खात्यात गेली. त्या खात्यानं त्यांना एकच धर्म शिकवला: पाणी थांबू द्यायचं नाही. लहानपणी जेवताना आम्ही कितीदा ऐकलंय, गिट्टीखाली पाणी थांबलं की माती नरम पडते, माती नरम पडली की रूळ बसते, रूळ बसला की... पुढचं ते बोलायचे नाहीत. हाताचा पंजा आडवा धरून एका बाजूला कलता करायचे, आणि आम्ही भावंडं घास तोंडात धरून त्या हाताकडे बघायचो.

तर बाबांनी नाली काढली. पाणी भरलेली प्लॅस्टिकची नळी घेऊन ते चिखलात उभे राहिले, जागोजागी लेव्हल घेतली, उतार ठरवला. विटांची पक्की नाली, वळणांवर कोपरे गोल केलेले, कुठं काडी अडकायची सोय नाही. डबरीच्या सगळ्यात खोल जागेपासून निघून ती आमच्या मागच्या गल्लीनं येते आणि आमच्या घराजवळ, रस्त्याखालच्या पुलियाशी मोठ्या नाल्याला मिळते. आमचं घर गल्लीतलं शेवटचं, पुलियाला लागून. नारळ फुटला, पेढे वाटले. बघता बघता डबरी रिकामी झाली. आम्ही हिवाळ्यात तिथं बॅडमिंटन खेळलो.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरलं.

घर बांधल्यापासून असं कधीच झालं नव्हतं. बाबांनी पुलियात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पन्न्यांना शिव्या घातल्या. मी हवामानबदलावर एक पत्रक लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पाणी आलं, आईचा दिवाण खालून फुगला, आणि फ्रिज विटांवर चढला तो चढलाच. एवढ्यावरच भागलं नाही. अंगणातल्या विहिरीत होळीच्या सुमाराला बादली तळाला घासायला लागली. मोटर हवा ओढून जळाली. डबरी कोरडी दिसते म्हटल्यावर कोणाकोणाचे ट्रक पलीकडच्या कोपऱ्यात पाडकामाचा मलबा टाकून जायला लागले, कारण कोरडी जमीन दिसली की लोकांना ती कोणाचीच नसल्यासारखी वाटते. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते डास? जागचे हलले नाहीत. आधी एक मोठं पाणी होतं, त्यात बोटभर मासे होते, बेडूक होते, वर चतुर फिरायचे. आता म्हशींच्या खुरांच्या खळग्यांत वाटी-वाटी पाणी, आणि त्यात डासांच्या अळ्यांना खाणारं कोणी नाही.

दुसऱ्यांदा पाणी ओसरल्यावर बाबांनी जाहीर केलं: पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा घरात आलं तर घर विकायचं आणि नागपूरला भावाकडे जायचं. माझ्या भावानं फोनवर लगेच हो म्हटलं. त्याच्याकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गिऱ्हाईकही तयार होतं, ओळखीतलाच एक माणूस, त्याला रस्त्याकडेला दुकानं काढायची होती.

आईला जायचं नव्हतं. बाबा अमरावतीकडचे, त्यांच्यासाठी रायपूर म्हणजे बदलीचं गाव. आईचं माहेर मात्र इथलंच, मराठ्यांचं राज्य होतं तेव्हापासून इथं राहिलेलं घराणं. ती भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडते आणि देवाशी मराठीत. तिनं वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाली, "चौथ्या माळ्यावर मी काय कबुतरं राखू?"

त्या वर्षीचा पावसाळा अजून सरला नव्हता, आणि मला एक गोष्ट खायला उठली होती. शहरातल्या कोणत्याही तळ्यावर काय संकट आहे हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकते. लालसा, काँक्रीट, टक्केवारी. पण आमच्याच घरात पाणी का येतं? पाऊस तर तेवढाच पडत होता. पुलिया तेवढाच होता. मग काहून?

भाद्रपदातल्या एका दुपारी जोराचा पाऊस लागला तेव्हा मी छत्री घेऊन डबरीत गेले. नुसतं बघायला. वरच्या रस्त्यांवरचं लाल पाणी तीन-चार घळींतून खाली येत होतं. मला वाटलं होतं ते पसरेल. ते पसरलंच नाही. सगळ्या घळी थेट नालीच्या तोंडाकडे वळत होत्या, आणि तिथं पाणी असा आवाज करत आत घुसत होतं जसा टाकीचा बूच काढल्यावर होतो. आणखी जवळून बघावं म्हणून एक पाय पुढं टाकला तो पोटरीपर्यंत रुतला. पाय निघाला, निळी रबरी चप्पल निघाली नाही. मग तीही निघाली, एकदा गोल फिरली आणि नालीत गेली.

मी तिच्या मागं धावले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, छत्री उलटी झालेली. मागच्या गल्लीत शेवाळावर घसरले, उठले, पुन्हा धावले. घरी पोचले तर आई अंगणात घोटाभर पाण्यात उभी, आणि तिच्या हातातल्या खराट्याच्या दांडीवर माझी चप्पल.

"तुही चप्पल कधीची आली," ती म्हणाली, "तू कुठं राह्यली होती?"

मी हसायला लागले आणि हसता हसता थांबले. पूर्वी ती चप्पल डबरीत पडली असती तर पाणकणसांत अडकून दिवाळीपर्यंत भटकली असती. पाणीही तसंच भटकायचं. थोडं झिरपायचं, थोडं उन्हात उडायचं, आमच्या विहिरीत थोडं यायचं, उरलेलं हळूहळू पुढं जायचं. आता बाबांच्या गोल कोपऱ्यांवरून ते सगळंच्या सगळं एकदम पुलियाशी येऊन धडकत होतं. पुलियाला जेवढं गिळता येई तेवढं तो गिळायचा. बाकीचं आमच्या घरी. पाणी जास्त झालंच नव्हतं. त्याला फक्त घाई लागली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी बाबांना म्हटलं, तुमची नाली फार चांगली आहे. ते म्हणाले, आहेच. मी म्हटलं, तीच भानगड आहे. आणि चप्पलेची हकीकत सांगितली. नालीच्या तोंडाशी अडसर घालायचा, पाणी डबरीतच थांबवायचं, थोडं थोडं सोडायचं.

"घराजवळ पाणी थांबवू म्हणते तू?" बाबांनी कप खाली ठेवला. "पाणी थांबलं की माती नरम पडते. माती नरम पडली की..."

आणि त्यांचा पंजा आडवा झाला.

"बाबा, आपल्या मागून गाडी कोणती जाते?" मी विचारलं. "कोणता रूळ वाचवून राहिले तुम्ही?"

आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा चहा अर्धा टाकून उठले. मला वाटलं रागावले. त्या दिवशीही दुपारी पाऊस आला. संध्याकाळी मी बाहेर जायला निघाले तर माझ्या चपला जागेवर नव्हत्या. दोन्ही अंगणात पायरीशी पडलेल्या, चिंब ओल्या, आणि बाबा गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेले, नळाखाली पाय धूत होते. एका चपलेवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी दोन्ही सोडून पाहिल्या होत्या.

"मधे खाच ठेवा लागन," ते नळाकडे बघत म्हणाले. "बंद नाही करता येत. वीतभर खाच."

आम्ही दोघांनी वाळूची पोती रचली. बाबांनी पुन्हा ती नळी काढली आणि पाणी किती चढलं तर पाऱ्याच्या भिंतींना लागेल, कॉलनीच्या कुंपणाला किती चढलं तर लागेल, हे आधी बघून घेतलं. तेवढ्याच्या खाली पोत्यांची उंची, मधे खाच. त्यानंतर झालेल्या पावसात डबरीत पाणी उभं राहिलं आणि आमच्या गल्लीतली नाली पोट्ट्यानं नळ अर्धवट सोडावा तशी बारीक वाहत राहिली. कुठून कोणास ठाऊक, दोन ढोकरी बगळे येऊन काठाला बसले. मी बराच वेळ बघत होते. पक्ष्यांना कसं कळतं? कोण सांगतं त्यांना?

आठवडाही झाला नसेल, पोती फाडलेली सापडली. विळ्यानं उभी चिरलेली, वाळू नालीत. कॉलनी समितीच्या सचिव काकांनी बाबांना रस्त्यात अडवून विचारलं, डास पाळायचा धंदा सुरू केला काय? पोती त्यांनीच फाडली असं मी म्हणत नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, तेही छापून. "डबरीचे मारेकरी कोण?" असं जाड अक्षरांत मथळा देऊन हिंदीत पत्रक काढलं आणि घराघरांत टाकलं. आम्ही पोती पुन्हा रचली. ती पुन्हा फाटली. माझं पत्रक समोरच्या टपरीवर भजी गुंडाळायला निघालं, आणि टपरीवाला भैया म्हणाला, दीदी, कागद अच्छा है, तेल नहीं छोड़ता.

मग मी पाऱ्यात गेले. वाटलं, कॉलनीला अक्कल नाही, पण ही माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या डबरीवर जगलेली. ती उभी राहतील. आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी बाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, पाणथळ म्हणजे शहराची किडनी वगैरे. ते किडनीचं वाक्य आम्ही प्रत्येक पत्रकात घालतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बिन बिहाव के डबरी हे दीदी। ओखर तरफ ले कोन लड़ही?"

लग्न न झालेली डबरी. तिच्या बाजूनं कोण भांडणार?

मला राग आला. एवढं शास्त्र सांगितलं आणि हिचं काय? तिनं लसणाची सालं फुंकून उडवली आणि सांगितलं की तळं खणलं की त्याचं लग्न लावतात, मधोमध लाकडाचा खांब रोवतात. लग्न झालं की ते गावाचं. त्याच्या पाण्यानं पूजा होते, बारसं होतं, मयताचं कार्य होतं. डबरीचं लग्न कोणी लावलंच नाही, तेव्हा ती म्हशींची. तुम्ही लोकांनी सुकवली तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, पण कोणत्या तोंडानं बोलणार होतो? ती आमची कोण होती?

घरी येऊन मी हे विनोद म्हणून सांगितलं. आई हसली नाही. तिनं लहानपणी माहेरी असं लग्न पाहिलं होतं. बाजा होता, हळद होती, आणि जेवण इतकं की आजोबांना दोन दिवस सोडा घ्यावा लागला. मी तिला विचारलं, नवरी कोण? ती म्हणाली, तळं. नवरा कोण? ती विचारात पडली. मला आता चैन पडेना. पाऱ्यात जाऊन एकेकाला विचारलं. एक जण म्हणाला नवरा म्हणजे तो खांब. एक म्हातारी म्हणाली वरुणदेव. तिच्याच सुनेनं तिला मधेच तोडलं, नवरा असते विहीर, नाहीतर आमराई. चार घरांत चार नवरे निघाले आणि कोणालाही त्याची अडचण वाटत नव्हती. आमच्या गटात मी हे मांडलं तर लगेच उत्तर आलं की आपण अंधविश्वासाच्या विरोधात आहोत का बाजूनं, हे आधी ठरवा. एरवी हे वाक्य मीच लिहिलं असतं. पण मला त्या विळ्याचा विचार सुटत नव्हता. पोती फाडणारा कोणीही असो, त्यानं कोणाचं काही बिघडवलं असं त्याला वाटलंच नव्हतं. माझ्या पत्रकानं त्याला चोर ठरवलं, आणि त्याच्या मते तिथं चोरण्यासारखं कोणाचं काही नव्हतंच.

त्याच सुमारास एका सभेत कोणीतरी असंही म्हणालं की इथली डबरी गेली तर दुसरीकडे मोठी खोदून देता येते, दगडी काठ आणि बसायला बाक लावून. मी नव्या रायपुरात असली तळी बघितली आहेत. दिसायला छान असतात. पण तिकडे साठलेलं पाणी आमच्या पुलियाशी येणारं पाणी कसं अडवणार होतं, हे मी विचारलं तेव्हा बाकांच्या रंगावर चर्चा चालू झाली.

पाऱ्याला मी म्हटलं, बरं, लावू लग्न. त्यांची बैठक झाली. मी आणि आई गेलो होतो. मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण यावरून बराच वेळ गेला. पाऱ्यातली जुनी विहीर नवरा होईल हे ठरलं, म्हणजे पारा मुलाकडचा. मुलीचा बाप कोण? तेव्हा आमच्या भाजीवालीनं आईकडे बघत तोफ डागली: "जेन सुखाइस, ओही बाप बनय।"

ज्यानं सुकवली त्यानंच बाप व्हावं. सगळी बैठक हसली, आणि सगळ्यात जास्त आई.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "मी? डबरीचा बाप?"

"काहून, तुळशीचं लग्न लावता नं दरवर्षी," आई म्हणाली. "तवा कोणाले विचारता?"

"तुळस आपल्या आंगणात असते."

"पाणीबी आंगणातच येऊन राह्यलं."

बाबांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, लग्नाच्या आधी अडसर पक्का झाला पाहिजे. अशी पोत्यावर पोरगी देत नसतात.

उन्हाळ्यात, अक्तीच्या दिवशी, लग्न लागलं. आपली अक्षयतृतीया ती इथं अक्ती, आणि लग्नाला मुहूर्त बघावा लागत नाही. डबरी तेव्हा कोरडी, म्हणून खांब रोवता आला. नालीच्या तोंडाशी विटा-सिमेंटचा अडसर तयार होता, मधे वीतभर खाच, खाचेत काढता-घालता येणारी फळी. फळी कॉलनीसाठी: डासांचं जास्त झालं तर काढा, पण नाली फोडू नका. पाऱ्याच्या लोकांनी कबूल केलं की पाणी भरलं की मासे ते सोडतील.

सरईच्या लाकडाचा खांब आला, वरच्या टोकाला कळसाचा आकार कोरलेला. पाऱ्यातल्या बायकांनी त्याला तेल-हळद लावली आणि गाण्यांतून मुलीकडच्यांना, म्हणजे आम्हाला, मनसोक्त शिव्या दिल्या. आईला शब्दन्‌शब्द कळत होता. ती बाबांना अनुवाद करून सांगत नव्हती. आमच्या कॉलनीतल्या बायकांना अंतरपाटाशिवाय लग्न लागल्यासारखं वाटेना, तेव्हा एक धोतर आलं. मंगलाष्टकं कोण म्हणणार? कॉलनीत खडा आवाज एकाचाच आहे, समितीच्या सचिव काकांचा. त्यांना कोणी बोलवायच्या आधीच ते खाकरून घसा साफ करत पुढं झाले होते. मोकळ्या, भेगाळलेल्या डबरीत, भर उन्हात, त्यांनी "सावधान" असं काही लांबवलं की म्हशी थांबून बघायला लागल्या. मी हात बांधून कडेला उभी होते. कोणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. मुठीत अक्षता असल्या की हात बांधून उभं राहता येत नाही.

मग पाऱ्याकडून ठेठरी-खुरमी, आमच्याकडून पन्हं. बाबा उन्हात टोपी घालून सगळ्यांना आग्रह करत फिरत होते आणि घामानं निथळत होते. मुलीच्या बापाचं सगळं त्यांनी केलं. खांब सरळ उभा आहे का, हे मात्र तीनदा ओळंबा लावून तपासलं.

पावसाळा आला. डबरी भरली, खांबाचा वरचा कळस तेवढा बाहेर. अडसराला कोणी हात लावला नाही. सचिव काका संध्याकाळी फिरायला जाताना काठाशी थांबतात आणि त्यांच्यासमोर कोणी पन्नी टाकली तर ओरडतात, हे मी स्वतः ऐकलं. करमत्ता भाजी अजून विकण्याइतकी आली नाही. मलब्याचा कोपरा तसाच आहे. तिथं आता बेशरमाची झुडपं उगवलीत आणि तेवढी डबरी कायमची गेली असं मला वाटतं. त्या ट्रकांवर मी पत्रक काढलंय आणि यापुढेही काढणार.

श्रावण अर्धा झाला तेव्हा तो पाऊस आला, ज्याची आम्ही तिघंही वाट बघत होतो. सकाळपासून लागला होता. दुपारी आम्ही व्हरांड्यात. आईनं गाद्या पलंगावर चढवल्या होत्या, बाबांनी दाराशी फडकी लावून ठेवली होती. पुलियाशी पाणी चढलं. अंगणात आलं. पहिली पायरी दिसेनाशी झाली. दुसरीला लागलं. बाबा पायरीकडे बघत होते, आई बाबांकडे. मी मागच्या दारी जाऊन नाली बघितली. नाली काठोकाठ होती, पण उसळत नव्हती. एका चालीनं वाहत होती.

पाणी दुसऱ्या पायरीवर थांबलं. तासाभरानं बाबांनी खडूनं भिंतीवर खूण केली आणि संध्याकाळपर्यंत खुणेच्या वर पाणी गेलं नाही. हेही सांगते की ते लवकर उतरलंही नाही. आधीच्या वर्षांत ते आलं तसं जायचं. या वेळी डबरी हळूहळू सोडत होती, म्हणून अंगण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलं राहिलं, आणि बेडकांनी आम्हाला झोपू दिलं नाही. पण दाराच्या आत एक थेंब नाही.

पाऊस उघडल्यावर ते गिऱ्हाईक स्कूटरवर आलं. बाबांनी त्याला घर दाखवलंच नाही. मागच्या गल्लीनं सरळ डबरीवर नेलं, अडसर दाखवला, खाच दाखवली, अंगणातली खडूची खूण दाखवली. हिंदीत त्याला स्पष्ट सांगितलं की पाणी अंगणात येईल, या वर्षी घरात आलं नाही, पुढच्या वर्षीचं मी कोणालाही लिहून देत नाही. तो म्हणाला, ठीक है अंकल, तो बेच रहे हैं कि नहीं?

"अभी नहीं," बाबा म्हणाले. "लड़की का पहला साल है।"

त्या माणसानं खांबाकडे पाहिलं. डबरीच्या लग्नाची गोष्ट एव्हाना सगळ्या भागात पसरली होती. तो हसला नाही. फिर अगले साल पूछूँगा, म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. बाबा आत आल्यावर तिनं काय झालं हे विचारलंसुद्धा नाही. कढईत पळी फिरवत म्हणाली, "मग विहिरीची मोटर दुरुस्त करून आणा आता. किती दिवस बादलीनं ओढू मी?"